तीस वर्षे झाली, तरी आरक्षण आपोआप उठत नाही

प्रश्न : नाशिकमध्ये पाथर्डी शिवारात आमची वडिलोपार्जित 18 गुंठे जमीन आहे. 1993 च्या विकास आराखड्यात तिच्यावर खेळाच्या मैदानाचे आरक्षण पडले आणि 2017 च्या सुधारित आराखड्यातही ते कायम राहिले. मोबदला काहीच मिळालेला नाही. आता आरक्षण संपले असे धरून घर बांधावे का?

उत्तर : बांधू नका. नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 127 प्रमाणे आराखडा अमलात आल्यावर दहा वर्षांत संपादन झाले नाही, तर मालकाने नोटीस द्यायची असते. त्यानंतर 24 महिन्यांत संपादन किंवा त्याची सुरुवात झाली नाही, तरच आरक्षण व्यपगत होते, म्हणजे संपते. वर्षे कितीही उलटली, तरी नोटिशीशिवाय काही होत नाही.

तुमची पहिली दहा वर्षे 2003 मध्येच भरली होती. पण 2017 पर्यंत नोटीस गेली नाही आणि सुधारित आराखडा आला. असे घडले, की दहा वर्षे नव्याने मोजायची, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये पुण्याच्या प्रफुल्ल दवे प्रकरणात म्हटले आहे. शहराचा आराखडा वीस वर्षांतून एकदा तरी सुधारलाच पाहिजे (कलम 38), पण गाफील मालकाला त्याचा असा फटका बसतो. हा अन्याय वाटतो, आणि तो आहेच. पण कायदा आज असा आहे.

म्हणजे तुमची मुदत 2027 मध्ये भरते. तारीख मात्र अंदाजाने धरू नका. मंजुरीची अधिसूचना आणि आराखडा अमलात येण्याची तारीख यांत किमान महिन्याचे अंतर असते. तुमचा गट 'वगळलेल्या भागात', म्हणजे आराखडा मंजूर करताना बाजूला ठेवलेल्या भागात असेल, तर त्याची मंजुरी वेगळी आणि तारीखही वेगळी. नगररचना विभागातून भाग नकाशा व झोन दाखला घ्या, राजपत्र स्वतः वाचा. एक दिवस आधी दिलेली नोटीसही मुदतपूर्व ठरू शकते.

नोटिशीत गट क्रमांक, आरक्षण क्रमांक आणि क्षेत्र लिहा. सोबत चालू सातबारा, फेरफार आणि मोजणी नकाशा जोडा. मालकीचे कागद जोडणे कायद्यानेच बंधनकारक आहे. सातबाऱ्यावरच्या सर्व भावाबहिणींच्या सह्या घ्या. नोटीस महापालिका आयुक्तांच्या नावे आवक विभागात द्या आणि तुमच्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्या. 24 महिने तिथूनच मोजले जातात.

मग बहुधा 'टीडीआर (पैशांऐवजी मिळणारे, विकता येणारे बांधकामाचे हक्क) घ्या' असे पत्र येईल. तुमच्या संमतीशिवाय ते संपादन ठरत नाही, म्हणून हिशेब न करता होकार लिहून देऊ नका. महासभेचा ठराव किंवा जिल्हाधिकाऱ्यांना नुसते पत्र हीसुद्धा पुरेशी पावले नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाच्या गिरनार ट्रेडर्स प्रकरणात 2007 मध्ये स्पष्ट झाले आहे.

24 महिन्यांची ही मुदत संपली की कलम 127(2) खालील राजपत्रातील आदेशासाठी शासनाकडे अर्ज करा. आदेश रखडला, तर मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते.