धुरा हाती घेता येत नाही

येथील, म्हणजे कोल्हापुरातील, एका शिक्षिकेने विचारले आहे की, शाळेतील वक्तृत्व स्पर्धेसाठी ‘उत्तम नेता कसा असावा’ या विषयावर मुलांची तयारी करून घेताना नेता, पुढारी आणि धुरीण यांपैकी कोणता शब्द योजावा, आणि ‘त्यांनी नेतृत्वाची धुरा हाती घेतली’ हे एका मुलाने लिहिलेले वाक्य निर्दोष आहे काय.

वाक्य सदोष आहे. मात्र दोष त्या मुलाचा नाही. संस्थेचा अध्यक्ष बदलला, तालमीच्या मंडळाची नवी कार्यकारिणी निवडली गेली किंवा कारखान्याचे नवे संचालक मंडळ आले, की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत कोणीतरी धुरा ‘हाती’ घेतलेली असते. हे वाचून माझे डोके दुखते.

पहिल्या दोन शब्दांचा निकाल थोडक्यात लावतो. ‘नेता’ हा ‘नी’ या धातूपासून आला असून आपले ‘नेणे’ हे क्रियापदही त्याच कुळातले आहे. म्हणजे नेता हा नेणारा, मात्र तो काय नेतो आणि कोठे नेतो याविषयी धातू मौन पाळतो. ‘पुढारी’ हा शब्द अलीकडे खादीचे कडक कपडे घालून उद्घाटने करीत हिंडणाऱ्या माणसासाठी राखून ठेवलेला दिसतो, परंतु कोल्हापूरकरांनी तरी तो हिणवून वापरू नये. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी डॉ. आंबेडकरांचा गौरव केला तो ‘पुढारी’ याच शब्दाने, आणि पुढे येथील एका वृत्तपत्राने हेच नाव अभिमानाने धारण केले.

आता ‘धुरीण’. संस्कृतात ‘धुर्’ म्हणजे जू, किंवा जू जेथे बसते तो गाडीचा पुढचा भाग. ही धुर् जो वाहतो तो धुर्य, धौरेय, धुरीण किंवा धुरंधर. आणि हे चारही शब्द मुळात बैलाचे आहेत. सभेत ज्यांना आपण ‘राजकारणातील धुरंधर’ म्हणून हार घालतो, त्यांना व्युत्पत्तीने आपण ‘जू ओढणारा’ म्हणत असतो, आणि ते प्रसन्न मुद्रेने नमस्कार करीत असतात! जू बैलाच्या वशिंडापुढे मानेवर टेकते आणि शिवळांमुळे, म्हणजे जुवात बसवलेल्या खुंट्यांमुळे, जागेवर राहते. त्या मानेलाच शेतकरी खांदा म्हणतो, आणि म्हणूनच बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, आदल्या दिवशी तूप-हळद लावून होते ती खांदेमळणी. हातात असतो तो कासरा, म्हणजे बैल हाकण्याची दोरी, आणि तो बैलाच्या नव्हे, गाडीवानाच्या. ‘सूत्रे हाती घेतली’ हे ठीक आहे, कारण सूत्रे हातात मावतात. ‘धुरा हाती घेतली’ असे लिहिणारा मात्र बैल आणि गाडीवान यांची एका वाक्यात अदलाबदल करतो.

यावर एका संस्कृतज्ञ मित्रांनी माझ्यापुढे प्रत्यक्ष कालिदासाला उभे केले. रघुवंशाच्या पहिल्या सर्गात दिलीप राजा संतानप्राप्तीच्या व्रतासाठी निघताना पृथ्वीची जड धुरा सचिवांवर सोपवतो, आणि ती ‘स्वभुजादवतारिता’, म्हणजे स्वतःच्या भुजेवरून उतरवलेली, असे कवी म्हणतो. ‘भुजा म्हणजे हातच ना?’ असा मित्रांचा विजयी प्रश्न होता. मुळीच नाही. भुजा खांद्यापासून सुरू होते, आणि कवीने क्रियापद निवडले आहे ते ‘उतरवणे’. हातातली वस्तू आपण ठेवतो किंवा देतो. उतरवतो ते खांद्यावरचे ओझे. कालिदास माझ्याच बाजूचा साक्षीदार आहे, आणि मित्रांनी त्याची उलटतपासणी न करता त्याला पिंजऱ्यात आणले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. संस्कृत साहित्यशास्त्रकार विश्वनाथाने आपल्या आधीच्या मम्मट या साहित्यशास्त्रकाराला टोला हाणताना बजावले होते की, शब्दाची व्युत्पत्ती म्हणजे त्याचा अर्थ नव्हे. तसे असते तर ‘गो’ शब्द ‘जाणे’ या अर्थाच्या धातूपासून आल्यामुळे ‘गाय झोपली आहे’ हे साधे वाक्यसुद्धा लाक्षणिक ठरले असते. हे मला पूर्ण मान्य आहे. परंतु झोपलेली गाय गायच राहते, तर हातात धरलेले जू हे जू उरत नाही, ते एक लाकूड होते. शिवाय येथे प्रतिमा मेलेली नाही: गळीत हंगामात कसबा बावड्याच्या रस्त्यावर दहा मिनिटे उभे राहिले तर उसाच्या गाडीखाली वाकलेली धुरीणांची जोडी आजही दिसेल.

जोडी हा शब्द मी मुद्दाम वापरला. जुवाला बैल दोन लागतात, आणि त्यांतील एक पुढे धावू लागला तर गाडी वेगाने जात नाही, तिरपी होते. माझे मत असे आहे (आणि व्याकरणाची मंडळी ते व्याकरण नव्हे म्हणतील) की ज्यांनी ‘धुरीण’ हा शब्द प्रथम माणसाला लावला, त्यांनी नेत्याला गाडीवानाच्या जागी न बसवता जुवाखाली उभे केले, म्हणजे त्याच्याकडून ताकदीबरोबर जोडीदाराच्या पावलाशी पाऊल जुळवण्याची अपेक्षा ठेवली आणि कासरा दुसऱ्याच्या हाती दिला. ‘नेता’ या शब्दात यातले काहीच नाही.

त्यामुळे बाईंनी स्पर्धेसाठी ‘धुरीण’ हाच शब्द घ्यावा, आणि मुलाच्या वाक्यात ‘हाती’ खोडून ‘खांद्यावर’ लिहावे. त्याच वाक्यात त्याने ‘नेतृत्त्व’ असा दोन त जोडून शब्द लिहिला असल्यास तोही सुधारावा: ‘महत्त्व’ आणि ‘तत्त्व’ यांत मूळ शब्दाचा त आहे, ‘नेतृ’ला ‘त्व’ लागताना तो दुसरा त कोठूनही येत नाही.