वाचक विचारतात: काळ्या कोटातली श्रीमंती

प्रश्न : एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय व्यक्तिचित्रांत पुरुष सगळे काळ्या कोटात. मग मालक कोण, कारकून कोण, ओळखायचं कसं?

उत्तर : कोट राहू द्या, आधी पांढरं बघा. कॉलर, सदऱ्याची छाती, मनगटाशी बोटभर डोकावणारा कफ. कोळशाच्या धुरात माखलेल्या शहरात हे पांढरं ठेवायचं तर सदऱ्यांची चळत हवी, शिवाय धुणं, खळ, इस्त्री. पण १८२० च्या दशकाअखेर सुट्या कॉलर निघाल्या आणि कालच्याच सदऱ्यावर ताजी कॉलर लावून कारकूनही साहेब दिसू लागला. तेव्हा नुसत्या कॉलरवर भिस्त नको. कापडाची जात आणि बेतही बघा.

फ्रेंच चित्रकार अँग्रनं १८३२ मध्ये रंगवलेला बर्तँ (लूव्र, पॅरिस) हा वर्तमानपत्राचा मालक. दागिना म्हणावा तर खिशाशी लोंबणारी घड्याळाची सोन्याची किल्ली, बस्स. पोटावर ताणलेलं जाकीट आणि गुडघ्यांवर रोवलेले पंजे. अँग्रला त्याची पत दाखवायला तेवढं पुरतं.

प्रश्न : बायकांच्या पोशाखावरून चित्राचं साल काढता येतं का?

उत्तर : अंदाजे येतं. १८३० च्या सुमारास बाही दंडावर उशीसारखी फुगते. १८३६ नंतर फुगा खाली उतरतो आणि १८४० पर्यंत बाही हाताला बिलगते. १८५६ पासून घागऱ्याखाली पोलादी कड्यांचा पिंजरा येतो, त्यानं घेर घुमटासारखा होतो. १८७० च्या आसपास तो सगळा कमरेमागे गोळा होतो.

फसगत दोन ठिकाणी होते. म्हाताऱ्या बायका तरुणपणची टोपी सहसा सोडत नाहीत. आणि चित्रच रेंगाळतं. मादाम म्वातेसिएचं बसलेलं चित्र (नॅशनल गॅलरी, लंडन) अँग्रनं १८४४ च्या सुमारास घेतलं, संपवलं १८५६ मध्ये, वयाच्या ७६ व्या वर्षी. मधल्या काळात पोशाख बदलला. शेजारी असलेली मुलगी तर चित्रातूनच गेली. आज दिसतं ते गुलाबांनी भरलेलं रेशीम शेवटच्या टप्प्यातलं. म्हणून पोशाख ठामपणे सांगतो ते एवढंच : चित्र याच्या आधी पुरं झालेलं नाही.

प्रश्न : काही चित्रांत काळा कोट मगरीच्या पाठीसारखा भेगाळलेला का असतो?

उत्तर : बहुधा डांबरी तपकिरी रंगामुळे, म्हणजे बिट्यूमेनमुळे. सावलीला खोली यावी म्हणून चित्रकार तो वापरत. तो पुरता वाळतच नाही. वरचे थर वाळून आक्रसतात, खालचा सरकतो, आणि रुंद भेगा पडतात. त्या बुजवता येतात, पण कोटाच्या चुण्या परत मिळत नाहीत.