सरकारी रुग्णालयांच्या खरेदीत महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांसाठी हिस्सा राखल्याने मालाचा दर्जा घसरतो का? नव्या उद्योजिकेने त्यात उतरावे का?

दर्जा घसरत नाही. हे मी ठामपणे लिहिते, कारण "महिला कोट्यातला माल आहे, जरा नीट तपासून घ्या" हे वाक्य मी माझ्याच चादरींच्या गठ्ठ्यांजवळ उभी असताना ऐकलेले आहे.

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत माझा आठ यंत्रमागांचा कारखाना आहे. आम्ही रुग्णालयांसाठी चादरी, उशांचे अभ्रे आणि शस्त्रक्रियागृहाचे हिरवे कापड विणतो व शिवतो. 2021 साली केंद्र सरकारच्या अखत्यारीतील एका रुग्णालयाने 12,000 हिरव्या चादरींची निविदा काढली. सर्वांत कमी दर, म्हणजे एल-वन, एका मोठ्या पुरवठादाराचा 300 रुपये होता आणि माझा 339. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या 2012 च्या सार्वजनिक खरेदी धोरणानुसार, एल-वन स्वतः लघु उद्योग नसेल आणि एखाद्या लघु उद्योगाचा दर त्याच्यापेक्षा 15 टक्क्यांपर्यंतच जास्त असेल, तर त्या उद्योगाला मागणीचा चौथा हिस्सा मिळू शकतो. मात्र तो एल-वनच्याच दराने पुरवावा लागतो. सरकार आम्हाला 15 टक्के चढा भाव देते असा लोकांचा समज आहे. प्रत्यक्षात 3,000 चादरींवर मला 1,17,000 रुपये सोडावे लागले, आणि माग बंद ठेवण्यापेक्षा ते परवडले म्हणूनच मी होकार दिला.

आता दर्जाचे. माझा दर जास्त होता तो रंगामुळे. रुग्णालयाच्या धुलाईत ब्लीच वापरतात आणि बरेचसे रिअॅक्टिव्ह रंग त्यात टिकत नाहीत, म्हणून मी ब्लीचमध्येही टिकणाऱ्या 'व्हॅट' प्रकारच्या रंगाचे महाग सूत घेतले होते. निविदेत रंगाच्या पक्केपणाची अट होती, पण ती साबणाच्या धुलाईपुरती होती. ब्लीचचा उल्लेखच नव्हता. त्यामुळे प्रयोगशाळेत दोघांचाही माल उत्तीर्ण झाला. सहा महिन्यांनी मी त्या भांडारात गेले, तेव्हा माझ्या चादरी हिरव्या होत्या आणि एल-वनच्या चादरी फिकट पोपटी पडून त्यांवर पांढरट डाग दिसत होते. भांडारपालांनी ते मान्य केले, पण पुढच्या निविदेत अट बदलली नाही. दर्जा बिघडवते ती अशी अर्धवट लिहिलेली अट आणि केवळ दराकडे पाहण्याची सवय. हिस्सा कुणाला दिला याचा त्याच्याशी काहीही संबंध नाही.

आकडे सांगायचे तर या धोरणाच्या 2018 च्या दुरुस्तीनुसार वार्षिक खरेदीच्या 25 टक्के माल सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यायचा आहे. त्यातच 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि 3 टक्के महिलांच्या उद्योगांकडून. निविदेसोबत भरायच्या बयाणा रकमेतून सूट मिळते. पूर्वानुभव आणि उलाढालीच्या अटीही शिथिल करता येतात, पण आरोग्य आणि सार्वजनिक सुरक्षेशी संबंधित वस्तूंसाठी अनुभवी पुरवठादाराला पसंती देण्याची मुभा खरेदीदाराला आहे. हृदयात बसवायच्या स्टेंटसाठी ही सावधगिरी मला पूर्ण मान्य आहे. चादर आणि अभ्र्यासाठी तीच पळवाट वापरून मोठ्या उलाढालीची अट घालणे हा मात्र सरळ अन्याय आहे.

याहून मोठा प्रश्न पैशांचा. कायद्याने 45 दिवसांच्या आत मिळायला हवे होते ते पैसे मला सातव्या महिन्यात मिळाले. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार उशिराबद्दल रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज मागता येते. मी मागितले नाही आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप होतो. तुम्ही मागा, अशा थकलेल्या पैशांचे वाद सोडवणाऱ्या सुलभीकरण परिषदेकडे अर्ज करा.

त्याच वर्षी माझ्या धाकट्या दिरांनी घरात प्रस्ताव मांडला. ते कापडाचे व्यापारी आहेत. "वहिनी, कागद तुमचा, माल माझा, तुम्ही फक्त डिजिटल सहीचे टोकन आणि ओटीपी द्या," असे ते म्हणाले. मी नकार दिला. हे धोरण स्वतः उत्पादन करणाऱ्या किंवा सेवा देणाऱ्या उद्योगांसाठी आहे, बाहेरून माल आणून विकणाऱ्यांसाठी नाही, हे मी त्यांना दाखवून दिले. त्यावर "बयाण्याची सूट घेताना तत्त्वे आठवली नाहीत का?" असे ते सर्वांसमोर म्हणाले, आणि सासूबाईंनीही मलाच हट्टी ठरवले. दोन वर्षे आमच्यात अबोला होता. भावजींना तेव्हा द्यायचे राहून गेलेले उत्तर आज लिहिते: सूट मला विणकर म्हणून मिळाली, ती घेऊन मी आठ माग चालवले, तुम्हाला माझे केवळ नाव चालवायचे होते. कोट्याची बदनामी माझ्या चादरींनी झालेली नाही, ती अशा उसन्या नावांनी होते.

अमेरिकेत अनेक रुग्णालये असे कार्यक्रम स्वतःहून राबवतात. तेथे महिलांच्या उद्योगाचे प्रमाणपत्र देणारी प्रमुख संस्था किमान 51 टक्के मालकीबरोबरच रोजचा कारभार आणि निर्णय खरोखर त्या स्त्रीच्या हाती आहेत का, हे प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहते. आपल्याकडेही 51 टक्क्यांची अट आहे, पण माझ्या कारखान्यात येऊन सूत कोण निवडते, हे आजवर कोणीही विचारलेले नाही. ते विचारायला हवे, आणि त्यासाठी माझे दार कधीही उघडे आहे.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: हे धोरण केंद्राची खाती आणि सार्वजनिक उपक्रम यांना बांधील करते. राज्याच्या आणि महापालिकेच्या रुग्णालयांचे नियम वेगळे आहेत, तर खासगी रुग्णालयांवर असे कोणतेही बंधन नाही. शिवाय बयाण्याची सूट म्हणजे काम मिळाल्यावर भरायच्या सुरक्षा ठेवीची सूट नव्हे. ती रक्कम भरावीच लागते.

उतरायचे असेल तर 'उद्यम' ही लघु उद्योगांची सरकारी नोंदणी करा, सहा-सात महिने पैसे अडकले तरी मजुरी देता येईल एवढे भांडवल हाताशी ठेवा आणि टोकन स्वतःच्या कपाटात कुलपात ठेवा. माझे तेथेच असते.