मास्टर्सची फी आणि अनुभवाचं घड्याळ

प्रश्न: मी बिझनेसच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे अकाउंटिंगमध्येच काम करायचं हे नक्की आहे. घरचा एका महिन्याचा खर्च हे माप धरून आकडे देते. माझ्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून 14 महिन्यांचा खर्च भागेल एवढी रक्कम उरली आहे. अकाउंटिंगच्या एक वर्षाच्या मास्टर्सला प्रवेश मिळतोय. फी आणि तिथे राहण्याचा खर्च मिळून 20 महिने लागतील. कमी पडेल ते शैक्षणिक कर्ज, व्याज 11 टक्के. दुसरीकडे एका लहान ऑडिट फर्ममध्ये नोकरी मिळतेय. पगार महिन्याच्या घरखर्चाच्या 80 टक्के, शिवाय घरूनच जाता येईल. नोकरी करत एसीसीए या आंतरराष्ट्रीय अकाउंटंट पात्रतेच्या परीक्षा दिल्या तर त्यांचा एकूण खर्च साधारण 5 महिने. वडील चार वर्षांनी निवृत्त होतील. ते म्हणतात, पैशांची काळजी करू नकोस, शिकून घे. मॅनेजमेंट अकाउंटिंगमध्ये मी काठावर पास झाले आहे, हेही सांगून टाकते. काय करू?

उत्तर: आकडे महिन्यांत दिलेत हे फार बरं केलंत. चलनातली रक्कम कितीही मोठी असली तरी ती किती दिवस घर चालवेल हे कळल्याशिवाय तिचं वजन कळत नाही. मीही याच मापात उत्तर देतो.

नोकरी घ्या. मास्टर्स वाईट म्हणून हे सांगत नाही. तुमच्या बाबतीत तो चुकीच्या वेळी आणि चुकीच्या पैशांतून येतोय.

आधी हिशेब मांडू. 14 महिन्यांची शिल्लक सगळी फीमध्ये ओतायची नाही हे तुम्हालाही पटेल. निदान 4 महिने हाताशी राहायलाच हवेत. म्हणजे स्वतःचे 10 आणि कर्जाचे 10. अनेक शैक्षणिक कर्जांत शिकत असताना हप्ता नसतो, त्यामुळे कर्ज शांत बसलंय असं वाटतं. व्याज मात्र चालूच असतं. वर्षभराचा अभ्यासक्रम आणि नंतरची सहा महिन्यांची सवड धरली तर पहिला हप्ता भरायची वेळ येईपर्यंत 10चे जवळपास 11.7 झालेले असतील. ते पाच वर्षांत फेडायचे तर हप्ता पडतो घरखर्चाच्या पाव हिश्श्याएवढा, दरमहा, 60 वेळा. एकूण फेड 15.3 महिने. त्यात स्वतःचे 10 मिळवा. आणि त्या वर्षात न मिळालेला पगारही मिळवा, कारण तोही खर्चच आहे: 80 टक्क्यांनी बारा महिन्यांचे 9.6. बेरीज 35 महिन्यांच्या जवळ जाते. तुम्ही मला 20 सांगितले होते.

नोकरीच्या वाटेचा खर्च 5. फरक 30 महिन्यांचा.

आता मास्टर्सच्या बाजूने जरा सढळ हाताने धरू. समजा त्या पदवीमुळे पगार 20 टक्क्यांनी जास्त मिळाला आणि तो फरक कायम राहिला, नोकरीत आधीच एक वर्ष काढलेल्या माणसाची पगारवाढ सोडून दिली तरी. वर्षाला तुमच्या हातात जास्तीचे येतील 1.92 महिने. 30 भरून निघायला साडेपंधरा वर्षं. आणि कर्जाचा शेवटचा हप्ता आजपासून साडेसहा वर्षांनी जाईल, म्हणजे वडील निवृत्त झाल्यावरही अडीच वर्षं घराच्या डोक्यावर हप्ता राहील. 'काळजी करू नकोस' हे वडील मनापासूनच म्हणत असणार. पण त्यांच्या निवृत्तीची तारीख आणि तुमच्या हप्त्यांची तारीख एका कागदावर लिहून त्यांना दाखवलीत का?

पैशांच्या हिशेबापेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते अनुभवाचं घड्याळ. अकाउंटिंगची व्यावसायिक पात्रता नुसत्या परीक्षांनी पुरी होत नाही. एसीसीएचं सभासदत्व मिळायला 36 महिन्यांचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो. अमेरिकेच्या सीएमए या मॅनेजमेंट अकाउंटंटच्या पात्रतेला दोन पेपर आणि दोन वर्षांचा अनुभव. भारतातल्या सीएला 2023च्या नव्या योजनेपासून दोन वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे फर्ममधली उमेदवारी. नावं वेगळी, घडण एकच: वरिष्ठाच्या नजरेखाली ठरावीक काळ काम करा, त्याची नोंद ठेवा, सही घ्या. हा काळ फी भरून कमी होत नाही. एसीसीएचा अनुभव तर परीक्षांच्या आधी, सोबत किंवा नंतर, केव्हाही मोजला जातो. नोकरीत पहिल्या दिवशी घड्याळ सुरू होतं. मास्टर्सला गेलात तर ते वर्षभर बंदच.

मग परीक्षा किती द्याव्या लागतील? इथे तुमच्या पदवीची गुणपत्रिका काढून बसा, आणि खरंच एक संध्याकाळ त्यावर घालवा. सध्याच्या रचनेत एसीसीएचे 13 पेपर आहेत. पदवीत जे विषय झालेत त्यांच्या बदल्यात जास्तीत जास्त 9 पेपरांतून सूट मिळते. शेवटच्या टप्प्यातल्या 4 पेपरांना कुठल्याच पदवीची सूट नाही, मास्टर्सचीसुद्धा नाही. बिझनेसची पदवी आहे म्हणून आपोआप 9 मिळत नाहीत. फायनान्शियल अकाउंटिंग, कॉस्टिंग, व्यवसाय कायदा, कर, ऑडिट यांतले कोणते विषय तुम्ही प्रत्यक्ष घेतलेत, त्यावर आकडा ठरतो. मार्केटिंग, मनुष्यबळ, उद्योजकता अशा विषयांचं इथे फारसं काही मिळत नाही. धरून चालू की तुम्हाला 5 मिळाल्या आणि 8 पेपर उरले. परीक्षा वर्षातून चार वेळा होतात. नोकरी सांभाळून वर्षाला तीन पेपर जमले तर तीन वर्षांच्या आत आठही संपतात, आणि तोवर 36 महिनेही भरतात. दोन्ही गोष्टी जवळजवळ एकदमच पुऱ्या होतात.

हाच कागद मास्टर्सच्या बाजूने वाचून बघा. मास्टर्समुळे सूट वाढून 9 झाली, तरी वाचले किती? चार पेपर. 30 महिन्यांचा जादा खर्च चार पेपरांवर वाटला तर एका पेपरला साडेसात महिन्यांचा घरखर्च. पेपर पास होण्याचा इतका महागडा मार्ग दुसरा नसेल.

पेपरांच्या सूटीबद्दल आणखी दोन गोष्टी, कारण इथे लोक हमखास फसतात. एक, सूट फुकट नसते. ज्या पेपरातून सूट मिळते त्याचंही शुल्क भरावं लागतं. तुमच्या 5 महिन्यांच्या अंदाजात ते धरलंय का, तपासा. दुसरी, सूट म्हणजे तो विषय येतो असा अर्थ नाही. मॅनेजमेंट अकाउंटिंगमध्ये काठावर पास झालात ही तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ. सूट बहुधा मिळेलही, पण पुढचा परफॉर्मन्स मॅनेजमेंटचा पेपर थेट त्याच पायावर उभा आहे, आणि त्या पेपराचा निकाल वर्षानुवर्षं निम्म्याच्या आत असतो. तिथे दोनदा नापास होण्यापेक्षा खालच्या पेपराची सूट नाकारून तो परत देणं स्वस्त पडतं. सूट नाकारता येते. खर्चाच्या अंदाजात निदान दोन फेरपरीक्षा धरा. हा अपशकुन नाही, अंदाजपत्रक आहे.

पदवीचं शेवटचं वर्ष अजून हातात आहे, आणि इथे तुम्हाला जवळजवळ फुकटात कमाई करता येईल. ऐच्छिक विषय निवडताना ज्याला गुण सोपे तो विषय घ्यायचा मोह होतो. तुम्ही ऑडिट आणि कर घ्या. वरच्या पातळीचं फायनान्शियल रिपोर्टिंग मिळत असेल तर तेही. जागा उरली तर माहिती प्रणाली किंवा डेटाबेस. आजच्या ऑडिटमध्ये हजारो नोंदींतून नमुना काढणं, दोन याद्या जुळवणं, न जुळलेलं वेगळं काढणं हे रोजचं काम आहे आणि ते स्प्रेडशीटवर होतं. मी पहिल्या नोकरीत सहा महिने फक्त कॅशबुक आणि बँकेचं स्टेटमेंट जुळवत होतो. कंटाळून गेलो होतो, पण तेरीज (ट्रायल बॅलन्स) जुळली नाही तर चूक कुठे शोधायची ते वर्गातल्या कुठल्याही तासापेक्षा तिथेच कळलं. फरकाला 9ने भाग गेला की दोन अंक उलटे पडलेत का ते आधी बघायचं, ही खूणगाठ तेव्हाची आहे.

पुस्तकं जुनी घ्यायला हरकत नाही, पैसे वाचतात. फक्त सालाकडे बघा. आंतरराष्ट्रीय मानकांत महसुलाचा नियम 2018 पासून आणि भाडेपट्ट्यांचा 2019 पासून बदलला. पूर्वी ताळेबंदाबाहेर राहणारे बहुतेक भाडेकरार आता ताळेबंदात येतात. त्याआधीच्या पुस्तकातली ही दोन प्रकरणं वाचून उत्तर लिहिलंत तर ते चुकीचंच असेल. आणि 1 जानेवारी 2027 पासून सुरू होणाऱ्या वर्षांसाठी आयएफआरएस 18 हे नवं आंतरराष्ट्रीय मानक लागू होतंय. त्यात नफा-तोटा पत्रकाची मांडणीच बदलते: कामकाज, गुंतवणूक आणि वित्तपुरवठा असे गट आणि सक्तीच्या मधल्या बेरजा. तुमच्या परीक्षा नेमक्या याच बदलाच्या काळात येणार. म्हणून सगळ्या पेपरांचं कोचिंग एकदम विकत घेऊ नका. 'सगळे घेतले तर किमतीत सूट' असं कोणी म्हणालं, तर ती सूट तुम्ही अजून न दिलेल्या, कदाचित माफ होणाऱ्या, कदाचित बदलणाऱ्या पेपरांवर आहे. एका वेळी एकाच पेपराचे पैसे भरा.

मी मास्टर्स घ्या कधी म्हणालो असतो, तेही सांगतो. पहिली पदवी साहित्याची किंवा विज्ञानाची असती तर विषय बदलायला ते एक वर्ष उपयोगी पडलं असतं. परवाना ज्या देशात हवा तिथला नियमच जादा शिक्षण मागत असेल तरीही. अमेरिकेत सीपीए या अकाउंटंटच्या परवान्यासाठी वर्षानुवर्षं 150 क्रेडिट लागत आले. चार वर्षांची पदवी साधारण 120 देते, आणि ती 30ची उणीव भरायला अनेकांनी मास्टर्स केला. तिथेही अनेक राज्यांनी आता पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव हा पर्याय खुला केला आहे, आणि ज्यांना 30 क्रेडिट हवेत ते स्वस्तातल्या सुट्या विषयांतूनही भरता येतात. प्राध्यापक व्हायचं असेल तर हा सगळा हिशेबच वेगळा. शिष्यवृत्तीने निम्म्याहून जास्त फी भागत असेल तर मला परत लिहा, आकडे नव्याने मांडू.

आता नोकरीकडे. तीही डोळे मिटून घ्यायची नाही. लहान फर्ममध्ये काम भरपूर शिकायला मिळतं, कधी कधी एकच काम तीन वर्षं करायलाही मिळतं. हो म्हणायच्या आधी विचारा: माझा अनुभव प्रमाणित करून सही कोण देईल, आणि ती व्यक्ती स्वतः पात्र सभासद आहे का? सही देणारं कोणी नसेल तर घड्याळ चालूच होणार नाही, आणि मग माझं वरचं सगळं गणित बाद. परीक्षेआधी सुट्टी किती मिळेल आणि ती पगारी की बिनपगारी, हे विचारा. वर्षाच्या गर्दीच्या काळात ओव्हरटाइम असतो का, कारण नेमक्या त्याच महिन्यांत परीक्षेचं सत्र येत असेल तर तुमचे तीन पेपर दोनावर येतात.

फर्म परीक्षा शुल्क भरायला तयार असेल तर आनंद आहे, पण करारातलं परतफेडीचं कलम वाचा. 'दोन वर्षांत सोडल्यास शुल्क परत' एवढंच असेल तर चालेल, विशेषतः रक्कम दर महिन्याला घटत जाणार असेल तर. शुल्काच्या वर दंड, किंवा मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेण्याची अट असेल तर नको. त्यापेक्षा शुल्क स्वतः भरा; तुमच्याकडे ते पैसे आहेत.

त्या 14 महिन्यांचं काय करायचं, तर 6 महिने घराच्या अडीअडचणीसाठी बाजूला, कधीही काढता येतील असे. 5 महिने परीक्षांचे, 1 फेरपरीक्षांचा. हे सगळं तीन वर्षांत लागणार आहे, म्हणून शेअरबाजारात यातला एकही पैसा नको. उरलेले 2 तुमचे नाहीत असं समजा आणि वडिलांच्या निवृत्तीच्या खात्यात परत घाला. पगारातून घरखर्चाला किती द्यायचं ते पहिल्या महिन्यातच ठरवा, नंतर तो विषय काढणं अवघड होतं.

प्रवेशाची जागा मात्र लगेच सोडू नका. प्रवेश वर्षभर पुढे ढकलता येतो का ते लेखी विचारा. काही ठिकाणी अनामत न भरता ढकलू देतात. अनामत मागितली आणि ती परत मिळणार नसेल, तर जागा सोडा. आणि सहीबद्दलचं फर्मचं उत्तर ईमेलवर घ्या, तोंडी नको.