टाकून दिलेल्या मुखपृष्ठांचं फोल्डर

प्रिय संपादक,

वर्गाच्या प्रकल्पासाठी आणि चार पानांचं का असेना, मासिक तुझं आहे, म्हणून हाकही तशीच मारते. तू पाठवलेल्या फाइलमध्ये मुखपृष्ठ आहे, अनुक्रमणिका आहे, मधलं जोडपान, म्हणजे समोरासमोरची दोन पानं, आहे आणि सगळं नेटकं दिसतंय. तळाशी एक ओळ लिहिली आहेस : ‘रिफ्लेक्शन शेवटच्या दिवशी लिहीन.’ रिफ्लेक्शन म्हणजे आपण कोणता निर्णय का घेतला याचं टिपण, आणि हे पत्र त्या ओळीमुळे लिहितेय.

शेवटच्या दिवशी लिहिलेली रिफ्लेक्शन्स मी वर्षानुवर्षं वाचत आलेय आणि ती एकाच माणसाने लिहिल्यासारखी वाटतात. ‘लाल रंग वापरला कारण तो लक्ष वेधून घेतो.’ ‘फॉन्ट आधुनिक निवडला कारण वाचक तरुण आहे.’ यात चुकीचं काही नाही, पण घडलेलंही काही नाही. खरं कारण बहुधा असं असतं की फोटोतलं आकाश फिकट होतं, त्यावर पांढरं शीर्षक वाचताच येईना, काळं टाकलं तर श्रद्धांजलीसारखं दिसलं, म्हणून लाल केलं. हे कारण त्या संध्याकाळी तुला पक्कं ठाऊक असतं. महिन्याभराने त्यातलं काही आठवत नाही, मग आपण पाठ्यपुस्तकातलं कारण चिकटवून मोकळे होतो.

तेव्हा आजच एक फोल्डर कर आणि नाकारलेलं सगळं त्यात टाकत जा. फाइलींना ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘खरंच फायनल’ अशी नावं देऊ नकोस, तारीख दे. प्रत्येक आवृत्तीसोबत एकच ओळ लिही : हे का सोडलं? ओळ ओबडधोबड चालेल. परीक्षकाला तयार अंक तर दिसतोच. त्यामागे तुझं डोकं कसं चाललं, हे त्याला या फोल्डरमधूनच कळणार आहे.

आता वाचकाबद्दल. ‘१५ ते २५ वयोगट, मुलं आणि मुली’ हे तू लिहिलंयस तो वाचक नव्हे, ती गर्दी आहे. एक माणूस ठरव. तो मासिक कुठे उघडतो, किती वेळ वाचतो, कोणत्या पानावर आधी जातो आणि कशाला कंटाळतो? जे ब्लमलर आणि एलिहू कॅट्झ यांची ‘युजेस अँड ग्रॅटिफिकेशन्स’ मांडणी तुम्हाला अभ्यासाला असेलच : लोक माध्यमांकडे आपापल्या गरजा घेऊन येतात. माहिती हवी, करमणूक हवी, कुणाशी तरी नातं वाटायला हवं, स्वतःची ओळख पडताळून पाहायला हवी. विद्यार्थी ही नावं रिफ्लेक्शनमध्ये हारासारखी घालतात. तू ती आधीच वापर. प्रत्येक पानाला विचार, यातली कोणती गरज तू भागवतंस? ज्या पानाला उत्तर देता येत नाही, ते फ्लॅटप्लॅनमधून, म्हणजे पानांच्या आराखड्यातून, काढून टाक.

फ्लॅटप्लॅन तुझ्या फाइलमध्ये नाहीच. एका कागदावर सगळ्या पानांच्या छोट्या चौकटी आखायच्या आणि कुठे काय येणार ते लिहायचं, एवढंच काम आहे. मधोमध पिन मारून अंक बांधायचा असेल, तर पानांची संख्या ४ च्या पटीत लागते, कारण दुमडलेल्या एका कागदाची चार पानं होतात. सहा पानांचा आराखडा करून शेवटी दोन पानं जाहिरातींनी भरणारे दर वर्षी भेटतात.

फोटोंवर मात्र मला जास्त बोलायचंय, कारण मुखपृष्ठ कॅमेऱ्यासमोरच ठरतं, संगणकावर नंतर फक्त ते सावरता येतं. ‘नॅशनल जिओग्राफिक’च्या फेब्रुवारी १९८२ च्या अंकाचं मुखपृष्ठ शोधून बघ. गिझाच्या पिरॅमिडांचा फोटो आडवा होता आणि मुखपृष्ठ उभं, म्हणून संगणकाच्या मदतीने पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले गेले. त्यावरून वाद झाला आणि आजही फोटोतल्या फेरफाराची चर्चा निघाली की हे उदाहरण निघतं. नैतिकतेचा मुद्दा तुमच्या वर्गात होईलच. मला त्यातली साधी गोष्ट दाखवायचीय : फोटो आडवा होता.

तुझाही आडवाच आहे. मुलीचं डोकं चौकटीच्या वरच्या कडेला टेकलंय, म्हणून शीर्षक तिच्या कपाळावर आलंय. पुन्हा काढ. कॅमेरा उभा धर, डोक्यावर मोकळी जागा ठेव, एका बाजूला कव्हरलाइन्स, म्हणजे आतल्या लेखांचे मुखपृष्ठावरचे छोटे मथळे, बसतील एवढी साधी पार्श्वभूमी ठेव. शीर्षक वर का असतं, तेही लक्षात घे : स्टँडवर अंक एकावर एक रचलेले असतात आणि बरेचदा वरची पट्टी किंवा डावी कडच तेवढी दिसते. तुझ्या अंकाचं नाव तेवढ्यात वाचता यायला हवं. ती मुलगी कॅमेऱ्याकडे बघतेय की दुसरीकडे, हेही तूच ठरवायचंस, आणि का ते फोल्डरमध्ये लिहायचंस. एकाच पोझचे दहा फोटो काढण्यापेक्षा नजर, अंतर आणि उजेड बदलत जा. नाकारायला काही असलं तरच निवड म्हणता येते.

मापाचंही बघ. ए४ पान २१० बाय २९७ मिलिमीटरचं असतं. ३०० डीपीआयने, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके धरून, छापायचं तर पूर्ण पानाच्या फोटोला साधारण २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात. मैत्रिणीने व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या फोटोसारखा पाठवलेला फोटो दाबून लहान झालेला असतो. पडद्यावर छान दिसतो आणि कागदावर फुटतो. मूळ फाइल माग.

कव्हरलाइन्स तू विसरलीयस आणि शेजारी लिहिलंयस, ‘प्रस्थापित रूढी मोडली.’ हे वाचून मला हसू आलं, रागावू नकोस. रूढी मोडायची तर कला-दिग्दर्शक जॉर्ज लोइस यांनी ‘एस्क्वायर’ या अमेरिकन मासिकासाठी एप्रिल १९६८ मध्ये केलेलं मुखपृष्ठ बघ. मुष्टियोद्धा मुहम्मद अली उभा आहे, अंगात बाण रुतलेत, बाणांनी छळ झालेल्या ख्रिस्ती संत सेबास्टियनच्या चित्रांमध्ये असतात तसे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात त्याने सैन्यात भरती व्हायला नकार दिला होता आणि १९६७ मध्ये त्याचं विजेतेपद काढून घेतलं गेलं होतं. चित्रच इतकं बोलतंय की भोवती मथळ्यांची गर्दी लागत नाही. तुझ्या फोटोत ती ताकद आहे का? नसेल तर कव्हरलाइन्स लिही. चारच लिही, पण आतल्या लेखांवरून लिही. अंकात नसलेल्या लेखांची जाहिरात मुखपृष्ठावर करणं हा या कामातला सर्रास चालणारा आळस आहे आणि अनुक्रमणिकेत तो लगेच पकडला जातो.

जोडपानावर लेखाच्या जागी तू नुसती जागा भरायला कसलातरी मजकूर टाकलायस, नंतर बदलेन म्हणून. नंतर खरा लेख त्या चौकटीत मावत नाही, मग अक्षरं बारीक होतात, फोटो आक्रसतो. आधी लेख पूर्ण लिही, कुणाकडून तरी मुद्रितशोधन करून घे, मग मांडणीला बस. मोठ्या अक्षरात उचललेलं वाक्य लेखात जसंच्या तसं असायला हवं. मुलाखत असेल तर त्यातला एक शब्दही आपल्या पदरचा नको.

आणि मराठीत अंक काढतेयस म्हणून हे खास : मथळा पसरट दिसावा म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवलंयस ना, त्याने शिरोरेषा तुटलीय. रोमन लिपीला ते चालतं, देवनागरीला नाही. मथळा रुंद हवा तर रुंद वळणाचा फॉन्ट घे. ओळींमधली जागाही थोडी जास्त ठेव, कारण वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांना भिडतात. तिसऱ्या परिच्छेदात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर जाऊन बसलीय आणि जोडाक्षरांचे पाय मोडलेत. सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठीची सोय चालू केली नाही की असं होतं. पीडीएफ केल्यावर पुन्हा तपास, कधी कधी गडबड तिथे होते.

मैत्रिणींना ‘कसं वाटलं?’ विचारून आलेले ‘भारी’ आणि ‘मस्त’ असे अभिप्राय तू जोडलेस. ते काढ. तुला ओळखत नाही अशा कुणाला तरी मुखपृष्ठ दहा सेकंद दाखव, पालथं घाल आणि विचार, अंक कशाबद्दल आहे आणि काय लक्षात राहिलं? उत्तर चुकलं तर ते जसंच्या तसं लिहून घे. तुझ्या रिफ्लेक्शनमधला सगळ्यात चांगला परिच्छेद तिथून निघेल : काय सांगायचं होतं, समोरच्याने काय वाचलं, आणि त्यानंतर तू काय बदललंस. बदललं नाहीस, तर का नाही, हेही चालेल. स्वतःच्या कामाची बाजू घेणं म्हणजे काही अप्रामाणिकपणा नव्हे.

आता एक कर. फोटो पुन्हा काढायच्या आधी आत्ताचं जोडपान प्रिंटरवर शंभर टक्के मापात छाप. मजकुराची अक्षरं १४ पॉइंटची आहेत. पडद्यावर ती ठीक दिसतात, कागदावर बालवाडीचं पुस्तक वाटेल. आधी १० पॉइंट करून बघ. पडद्यावरचा झगझगीत हिरवा कागदावर मळकट येईल, कारण छपाईची शाई तो रंग तसा देऊ शकत नाही. मधल्या घडीत मुलाखत देणाऱ्याचा चेहरा दुमडला जातोय का, तेही बघ. कडेपर्यंत जाणाऱ्या फोटोला चहूबाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापायच्या रेषेबाहेर जाणारा जास्तीचा भाग, नसेल, तर कापताना पांढरी कड राहते.

त्या छापील पानावर पेनाने खुणा कर आणि फोल्डरमधल्या ओळींसकट सोमवारी घेऊन ये. पीडीएफ नको, कागद आण.

तुझी,
बाई