मास्टर्स संपेल त्या दिवसाची तयारी

ब्लॉक्ड अकाउंट (व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं), व्हिसा, तिकीट हे सगळं समजलंय, पण दोन वर्षांनी डिग्री हातात आल्यावर एकटीनं उभं राहायचं तर आत्तापासून काय करू, असं तू विचारलंयस. सांगलीहून मेकॅनिकल करून ऑक्टोबरात जर्मनीत, श्टुटगार्टला येणाऱ्या मुलीला निघण्याआधीच हा प्रश्न पडला, याचा मला मनापासून आनंद झाला. मला ताई म्हणालीच आहेस, तर थोरल्या बहिणीच्या हक्कानं स्पष्टच लिहिते. इथे येण्याची तयारी सगळेच करतात. विद्यार्थी म्हणून मिळणाऱ्या सवलती एका दमात संपतात, त्या दिवसाची तयारी फार थोडे करतात.

त्या दिवशी काय काय होतं ते बघ. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्यांना सरकारी आरोग्य विमा महिन्याला साधारण दीडशे युरोंना मिळतो. विद्यापीठातून नाव कमी झालं आणि नोकरी अजून लागलेली नसली, तर तोच विमा स्वतःच्या खर्चानं चालू ठेवावा लागतो आणि हप्ता दोनशेच्या वर जातो. विद्यार्थी वसतिगृहातल्या खोलीची मुदत संपते. वेर्कश्टुडेंट, म्हणजे शिकता शिकता अर्धवेळ नोकरी करणारी विद्यार्थिनी म्हणून कंपनीत करत असलेलं काम त्याच स्वरूपात चालू राहत नाही. इथे राहण्याचा परवाना बदलून घ्यावा लागतो. त्यात शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता सुरू व्हायची तारीख जवळ आलेली असते. यातली एकेक गोष्ट निभते गं, पण सगळ्या मिळून एकाच महिन्यात आल्या की हुशार मुलंसुद्धा गांगरतात आणि समोर येईल ती नोकरी धरतात.

परवान्याचं आधी सांगते, कारण त्याची भीती विनाकारण जास्त असते. इथली डिग्री पूर्ण केलेल्यांना नोकरी शोधण्यासाठी १८ महिन्यांचा परवाना मिळतो आणि त्या काळात पोटापाण्यासाठी कुठलंही काम करता येतं. मात्र त्या काळात स्वतःचा खर्च कसा भागवणार ते दाखवावं लागतं. मोठ्या शहरांत परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची अपॉइंटमेंट मिळायला महिने लागू शकतात. म्हणून जुन्या परवान्याची मुदत संपण्याआधी अर्ज पोचलाच पाहिजे. तो वेळेत पोचला तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू धरतात.

आता पैसा. २०२५ साली ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागत होते, म्हणजे महिन्याला ९९२. श्टुटगार्ट महाग आहे. शिवाय आपल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे, ती या ९९२ मध्ये धरू नकोस. घरून निघताना शेवटच्या सहा महिन्यांचा खर्च वेगळा काढून ठेवता आला तर उत्तम. नाहीतर वेर्कश्टुडेंटच्या पगारातून दर महिन्याला थोडं बाजूला टाक आणि त्याला हात लावू नकोस. विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, आणि सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत. हे तास कशावर घालवतेस त्यावर पुढचं बरंच ठरतं. जेवणाची पार्सलं पोचवून लगेच पैसे मिळतात, खरं आहे. पण चौथ्या सेमिस्टरला बायोडेटामध्ये दाखवायला त्यातून काही उरत नाही. पहिलं सेमिस्टर अभ्यासाला दे. दुसऱ्यापासून स्वतःच्या विषयातलं काम शोध, पगार थोडा कमी असला तरी चालेल. विद्यापीठात प्राध्यापकांच्या हाताखाली सहायक म्हणून काम मिळालं तर तेही चांगलं.

आणि भाषा. तुझा अभ्यासक्रम इंग्रजीत आहे म्हणून जर्मनची घाई नाही, असं तुला कुणीतरी सांगेल. कृपा करून ऐकू नकोस. २०२४ पासून इथल्या मोटार उद्योगात मोठ्या नोकरकपातीच्या घोषणा होतायत, आणि मेकॅनिकलची आपली मुलं गाड्यांच्याच कंपन्यांकडे डोळे लावून बसलेली असतात. काम दुसरीकडेही आहे. टुटलिंगन नावाचं छोटं गाव शस्त्रक्रियेच्या उपकरणांसाठी जगभर ओळखलं जातं. श्वेबिश हालच्या आसपास पॅकेजिंग मशीन बनवणाऱ्या कंपन्या आहेत. पण अशा गावांतल्या कारखान्यात फोरमनशी, ग्राहकाशी, डॉक्टरशी जर्मनमध्येच बोलावं लागतं. पुण्यात किंवा मुंबईत मॅक्स म्युलर भवनात जर्मनच्या ए-वन, ए-टू या पहिल्या दोन पातळ्या करून ये, आणि मास्टर्स संपेपर्यंत बी-टू, म्हणजे चौथी पातळी गाठायचीच असं ठरव. श्टुटगार्टच्या आसपासच्या श्वाबेन भागातली बोली पुस्तकातल्या जर्मनपेक्षा बरीच वेगळी ऐकू येते, त्यानं खचू नकोस. कान हळूहळू तयार होतो.

याच कारणासाठी राहण्याबद्दल माझं मत थोडं कडक आहे. चार मराठी मुली मिळून घर घेतलं की मन रमतं, रोज वरणभात मिळतो, आणि जर्मन तिथेच थांबतं. निदान एक वर्ष तरी जर्मन मुलंही असलेल्या वेगेमध्ये, म्हणजे सामायिक घरात राहा. गणपतीला, दिवाळीला आपली माणसं भेटतातच. मराठी मंडळींच्या ओळखीतून पुढे नोकरीच्या वाटाही निघतात, ते सोडू नकोस. वसतिगृहाचा अर्ज मात्र प्रवेश पक्का झाल्या दिवशीच कर, यादी लांब असते. नंतर स्वतःचं घर भाड्यानं घ्यायची वेळ येईल तेव्हा मालक पगाराच्या मागच्या तीन पावत्या आणि शूफाचा दाखला, म्हणजे तुझा पैशाच्या व्यवहारांचा इतिहास मागतो. मोबाइलचं बिल, जिमचे पैसे थकवायचे नाहीत ते त्यासाठी. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी घेता येते, त्याहून जास्त कुणी मागितली तर देऊ नकोस. घर ताब्यात घेताना भिंती, नळ, फरशी सगळ्याचे फोटो काढून ठेव. आपल्या भागात बऱ्याच इमारतींत जिना झाडायची पाळी असते, केरवोखं म्हणतात तिला. ती चुकवली की शेजाऱ्यांची मनं पहिल्याच महिन्यात बिघडतात.

सगळ्यात जास्त जीव तोडून सांगायचंय ते टपालाबद्दल. हा देश अजून कागदावर चालतो. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी करायची, त्यासाठी घरमालकाची सही लागते. मग टॅक्सचा नंबर, विम्याचं कार्ड, बँकेचं पत्र, रेडिओ-टीव्हीच्या महिना १८.३६ युरो वर्गणीची मागणी, सगळं पत्रपेटीत येतं. पेटीवर तुझं नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो आणि तुला पत्ताही लागत नाही. प्रत्येक पत्रात एक तारीख असते, आणि ती उलटली की दंड किंवा हक्क गेला. मी किती तरी मुलांच्या टेबलावर न उघडलेल्या पाकिटांचे गठ्ठे पाहिलेत. आळस नसतो त्यात. जर्मनमधल्या सरकारी कागदाची धास्ती वाटते आणि पाकीट उद्यावर जातं. पहिल्या आठवड्यात एक जाड फाइल विकत घे. पत्र आलं त्याच दिवशी उघड, तारीख कॅलेंडरमध्ये लिही, समजलं नाही तर कुणाला तरी विचार. फाइलमध्ये फी, लॅपटॉप, पुस्तकं यांच्या पावत्याही ठेव. बी.ई. नंतरचं मास्टर्स हे दुसरं शिक्षण धरलं जातं, त्यामुळे त्यावरचा खर्च पुढच्या वर्षांच्या टॅक्समध्ये वजा करून घेण्यासाठी पुढे ओढता येतो आणि पहिल्या नोकरीच्या वर्षी त्यातून बरेच पैसे परत मिळू शकतात. खूप जणांना हे डिग्री झाल्यावर कळतं आणि तोवर पावत्या गेलेल्या असतात.

नोकरीचे अर्ज थिसिस सुरू झाल्याबरोबर पाठवायला लाग, निकालाची वाट बघू नकोस. थिसिस शक्य तर कंपनीतच कर. पगाराचा आकडा ऐकून हुरळायचं नाही. एकट्या माणसाच्या हाती टॅक्स आणि विमा कापून ढोबळमानानं ६० ते ६५ टक्के येतात. नव्यानं पदवी घेतलेल्यांना ब्लू कार्डसाठी, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परवान्यासाठी पगाराची अट थोडी सैल आहे, २०२५ साली ती वर्षाला ४३,७५९.८० युरो होती. दर जानेवारीत आकडा बदलतो, तेव्हा करारावर सही करण्याआधी त्या वर्षीचा बघून घे. पहिले सहा महिने बहुतेक ठिकाणी प्रोबेशन असतं आणि दोन आठवड्यांच्या नोटिशीवर नोकरी जाऊ शकते, म्हणून त्या काळात महागडं घर किंवा गाडी घेऊ नकोस. इथली डिग्री, शिक्षणाला साजेशी नोकरी आणि पेन्शनचे २४ महिने भरलेले हप्ते असले की कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करता येतो, त्यालाही बी-वन जर्मन लागतं.

आता घरच्यांबद्दल. तू लिहिलंस की कर्जाला बाबांचं घर तारण आहे. मग निघण्याआधी आईबाबांबरोबर एक संध्याकाळ बस आणि खरे आकडे कागदावर मांड. हप्ता कधी सुरू होतो (बँकेप्रमाणे कोर्स संपल्यावर सहा महिने ते वर्ष), किती येतो, आणि नोकरीला उशीर झाला तर तेवढे महिने कोण कसा भरणार. हे आधी बोललेलं असलं की पुढे फोनवर "सगळं छान चाललंय" असं खोटं सांगावं लागत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात पाचच्या आधी अंधार पडतो, परीक्षेला ठरावीकच प्रयत्न असतात, आणि अशा वेळी घरी खरं बोलता न येणं फार जड जातं. विद्यार्थ्यांसाठी मोफत समुपदेशन असतं, श्टुडिरेंडनवेर्क ही विद्यार्थ्यांच्या सोयी बघणारी संस्था ते चालवते. तिथे जाण्यात काहीही कमीपणा नाही. मी ज्यांना पाठवलं त्यांना उपयोग झाला.

निघण्याआधी इतकं कर: दातांची तपासणी, चष्म्याच्या दोन जोड्या, सगळ्या मार्कशीट्सच्या साक्षांकित प्रती, आणि भारतातल्या बँक खात्यावर आईचं किंवा बाबांचं नाव. एक महिना घरचा किराणा, वीजबिल, गॅस हे सगळं तू स्वतः बघ, हिशोबासकट. आणि प्रवेशाचं पत्र आलं असेल तर वसतिगृहाचा अर्ज आजच भर. फॉर्ममध्ये कुठे अडलीस तर मला फोटो पाठव, जर्मनमधला भाग मी वाचून सांगते.