गावरान शेवंती मोडावी का?

प्रश्न (अहिल्यानगर जिल्हा): आमच्याकडे वडिलांच्या वेळेपासून झिपरी शेवंती आहे. फूल लहान, व्यापारी टपोरी नवी जात मागतात. जुनी सगळी मोडून नवी लावू का? जुनीचं बी धरून ठेवलं तर भागेल का? संकरित झेंडूचंही बी धरता येईल का?

उत्तर: भाव मिळतो तर नवी जात जरूर लावा. फक्त जुनीचे दोन वाफे राखा. टपोरं फूल पैदासकाराला (नवे वाण तयार करणाऱ्याला) कुठेही मिळतं. तुमच्या उन्हात, तुमच्या पाण्यावर इतकी वर्षं टिकलेलं झाड एकदा नांगरलं की परत मिळत नाही.

बियावर मात्र भिस्त ठेवू नका. शेवंतीत गुणसूत्रांचे सहा संच असतात आणि स्वतःच्या परागावर ती सहसा बी धरत नाही. बी धरलंच तर पराग दुसऱ्या जातीचा, म्हणून रोपं नाना तऱ्हेची निघतात. नवीन वाण शोधणाऱ्याला ते हवंच असतं, पण झिपरी राखायची तर काश्याच (झाडाच्या बुडाशी फुटणारे कोंब) जिवंत ठेवायला हव्यात.

ऐन फुलोऱ्यात वाफ्यात फिरा. गावरान म्हणून लावलेल्यात बऱ्याचदा दोन-तीन प्रकार मिसळलेले असतात. निरनिराळ्या रंगांची सुतळी बांधून ते वेगळे करा. एखाद्याच फांदीला निराळ्या रंगाचं फूल दिसलं तर ती छाटून टाकू नका, तिची कलमं वेगळी लावा. शेवंतीचे कितीतरी वाण अशाच फांद्यांतून निघालेत. पानाखाली पांढरट-गुलाबी फोड आणि वर पिवळे ठिपके म्हणजे पांढरा तांबेरा. खुजं, वेडंवाकडं झाड म्हणजे विषाणूसारख्या रोगाची शंका. अशा झाडाच्या काश्या घ्यायच्याच नाहीत, कारण काश्यांबरोबर रोगही पुढच्या वर्षात जातो.

फुलं संपली की झाडं जमिनीपासून वीतभर ठेवून छाटा, उन्हाळाभर ओल टिकवा, आणि लागवडीला दरवर्षी जागा बदला. थोड्या काश्या पाहुण्यांच्या शेतातही द्या. एकाच विहिरीवर सगळं ठेवणं मला धोक्याचं वाटतं.

पीक वाण संरक्षण कायदा 2001 खाली शेतकऱ्याच्या वाणाला नोंदणी शुल्क लागत नाही. वेगळेपण टिकून असेल तर कृषी विज्ञान केंद्रात विचारा. पुण्यात पुष्पविज्ञान संशोधन संचालनालयही आहे.

झेंडूचं म्हणाल तर संकरिताचं बी धरू नका, पुढच्या पिढीत फूल एकसारखं येत नाही. सरळ, म्हणजे संकरित नसलेला, वाण असेल तर बी धरा. पण मधमाश्या पराग फिरवतात, तेव्हा त्या वाफ्याच्या आसपास दुसरा झेंडू नको.